लुबुम्बाशीच्या कारखान्याची चिमणी व्हिडिओत कशी आली?

काँगोच्या जुन्या कटांगा प्रांतातून गेल्या वीस वर्षांत आलेल्या व्हिडिओकलेत काही दृश्ये पुन्हा पुन्हा दिसतात. गंजलेली यंत्रे, लुबुम्बाशी शहरातल्या तांब्याच्या भट्टीची उंच चिमणी, तिच्याशेजारचा धातुमळीचा, म्हणजे भट्टीतून उरलेल्या गाळाचा, काळा डोंगर. ही पडझड केवळ काळाने केलेली नाही, म्हणून मागचा संदर्भ हवा.

बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने काँगोतून सक्तीच्या मजुरीवर रबर काढले, ती गोष्ट वाचकांना माहीत असतेच. कटांगाची गोष्ट तांब्याची. १९०६ मध्ये बेल्जियन खाणकंपनी निघाली, १९१० मध्ये एलिझाबेथविल म्हणजे आजचे लुबुम्बाशी वसले आणि पुढच्याच वर्षी भट्टी पेटली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने मजुरांना बायकामुलांसह वसाहतींत ठेवायला सुरुवात केली. रेशन, शाळा, दवाखाना सगळे कंपनीचे, आणि नजरही कंपनीचीच. डिसेंबर १९४१ मध्ये पगारवाढ मागणारे संपकरी फुटबॉलच्या मैदानात जमले, तेव्हा सैनिकांनी गोळ्या घातल्या. डझनावारी माणसे मेली. तरीही म्हाताऱ्या कामगारांच्या बोलण्यात त्या काळाच्या रेशनची आठवण हटकून निघते. या प्रदेशातल्या कलेचे खरे भांडवल हेच.

१९६० मध्ये देश स्वतंत्र होताच कटांगा प्रांत त्यातून फुटून निघाला, पुढे परत जोडला गेला आणि १९६७च्या सुमारास खाणी सरकारच्या झाल्या. सत्तरच्या दशकात लुबुम्बाशीतले रस्त्यावरचे चित्रकार वसाहतकाळातील फटक्यांची शिक्षा रंगवत, आणि ती चित्रे कामगारांच्या बैठकीच्या खोलीत लागत. त्यातल्या एकाने १९७३-७४ मध्ये देशाचा इतिहास सुमारे शंभर चित्रांत मांडला. व्हिडिओवाल्यांची खरी पूर्वपिढी ही. युरोपातले समीक्षक मात्र ती फारशी लक्षात घेत नाहीत.

१९८६ मध्ये सरकारी कंपनीने पावणेपाच लाख टनांच्या आसपास तांबे काढले. १९९० मध्ये एक मोठी भूमिगत खाण कोसळली, १९९२-९३ मध्ये शेजारच्या कसाई प्रांतातून आलेल्या लोकांना, त्यांत कितीतरी कुशल कामगारांनाही, हुसकावून लावले गेले, त्यानंतर युद्धे झाली. शतक बदलताना उत्पादन वीस-तीस हजार टनांवर होते.

मग २००३ची स्वेच्छानिवृत्ती. आंतरराष्ट्रीय कर्जदात्यांच्या पैशातून दहा हजारांहून अधिक कामगारांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवले गेले. योजना आखणाऱ्यांचे म्हणणे असे की, कंपनी दिवाळखोर होती आणि नव्या खाणकायद्यानंतर खासगी गुंतवणूक आणायची तर मनुष्यबळ घटवणे भाग होते. हिशेबाच्या वहीत हे पटतेही. पण पगार कित्येक महिने थकले होते, घरात खायला नव्हते. अशा माणसापुढे ठेवलेल्या कागदावरच्या सहीला राजीखुशीची सही म्हणायचे कसे? कायद्याने आणि करारानुसार मिळायला हवे होते त्यापेक्षा खूप कमी हातात पडले, अशी तक्रार घेऊन माजी कामगार संघटित झाले आणि वर्षानुवर्षे थकबाकी मागत राहिले. दोन्ही बाजूंना काही म्हणायला होते, हे मान्य. पण झळ बसली ती एकाच बाजूला. नोकरीबरोबर शाळा आणि दवाखानाही गेला, कारण दोन्ही कंपनीचेच होते.

तीन वर्षांनी, २००६ मध्ये, लुबुम्बाशीतल्या एका तरुण छायाचित्रकाराने कंपनीच्या जुन्या संग्रहातले मजूर आणि साखळदंडातले कैदी कापून आजच्या ओसाड कारखान्यांच्या रंगीत दृश्यांवर बसवले. सोबतच्या व्हिडिओत एक नर्तक त्याच पडक्या शेडमध्ये नाचतो आणि मागे राजकीय भाषणांच्या जुन्या ध्वनिफिती वाजतात. निवृत्तीचा हिशेब त्यात कुठेही नाही, तरी शहरातल्या प्रेक्षकाला तो आठवल्याशिवाय राहणार नाही. २००८ पासून शहरात कलाकारांनीच उभी केलेली द्वैवार्षिकी, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारे कलाप्रदर्शन, भरू लागली आणि युरोपातली आमंत्रणेही वाढली.

यानंतर या कलेला लागणारे ‘औद्योगिक ऱ्हास’ हे लेबल जरा अडचणीचे होते. काँगो आज वर्षाला वीस लाख टनांहून अधिक तांबे काढतो, आणि जगातला बहुतांश कोबाल्टही तिथलाच. तो काळा डोंगरसुद्धा कोबाल्टसाठी उपसला गेला. ऱ्हास झाला तो कायम नोकरीच्या आयुष्याचा. धातू बाहेर जातोच आहे. त्याच कलाकाराच्या २०१७च्या व्हिडिओत तर कारखाना चालू आहे: लालबुंद तांब्याची तार ओढली जाते आणि त्यावर वसाहतकाळातल्या मिशनच्या मुलांचे समूहगान ऐकू येते. त्या गायकवृंदाचे नाव तांब्याच्या क्रॉसवरून पडलेले, आणि तसे क्रॉस बेल्जियन येण्याआधी कटांगात चलन म्हणून फिरत.