करपलेल्या दुधाचा वास

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या आमच्या एका मावशींना गॅसवरचे दूध करपल्याचे कळेना, तेव्हा घरच्यांनी ते वयावर ढकलले. करोनानंतर वास जाणे तसे घरोघरचे झाले होते. पुढे जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्याशी हटकून घासाघीस करणाऱ्या मावशी सांगेल त्या भावाला भाजी घेऊ लागल्या, तेव्हा त्यांनी काहीतरी मनाला लावून घेतले असावे, असे ठरले. दीड वर्षाने नजर अंधूक झाली आणि एमआरआयमध्ये कपाळामागे गाठ दिसली.

ही गाठ मेनिंजिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणातून उगवलेली होती. हा प्रकार एरवी अनोळखी नाही, पण या जागी तो त्या मानाने कमी वेळा होतो. वासाचे तंतू ज्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे जातात, त्याच हाडावर ती संथपणे वाढत असल्याने बहुधा आधी वास जातो, मग मेंदूच्या पुढच्या भागावर दाब येऊन स्वभाव पालटतो आणि नजरेची पाळी बरीच उशिरा येते.

वैद्यकाला हे नवे नाही. रोमचे शल्यचिकित्सक फ्रान्चेस्को दुरान्ते यांनी १८८५ मध्ये पस्तीस वर्षांच्या एका स्त्रीच्या कवटीतून सफरचंदाएवढी, ७० ग्रॅमची अशीच गाठ काढली होती. तिचा वास गेला होता, स्मरणशक्ती क्षीण झाली होती आणि डावा डोळा जागचा हलला होता. क्ष-किरणांचा शोधही लागलेला नसताना केवळ या खुणा जुळवून गाठीची जागा हेरली गेली. गाठ पुन्हा वाढल्यावर १८९६ मध्ये तिच्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाली. एका डोळ्याची नस सुकलेली आणि दुसऱ्याची सुजलेली, ही अशा गाठीची खूण मेंदूविकारतज्ज्ञ फॉस्टर केनेडी यांनी १९११ मध्ये नोंदवली, तर मेनिंजिओमा हे नाव मेंदूचे शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिले.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. तेव्हा एखाद्याचा पालटलेला स्वभाव मनोविकाराचा की गाठीचा, हे कवटीच्या आत पाहून ठरवण्याची सोयच नव्हती. सीटी स्कॅनने पहिला रुग्ण तपासला तो १९७१ मध्ये, लंडनमधल्या विम्बल्डनला. मात्र वासाच्या तपासणीला यंत्र लागत नाही, आणि घाईच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते, असे माझे मत आहे.

मावशींची ती झाली एमआरआयनंतर. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून एकेका नाकपुडीशी कॉफीची पूड धरली. बऱ्याच वेळाने मावशींनी विचारले, "धरलंत का काही?"