पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्र आणि हितसंबंधांचा मेळ

निसर्गसंवर्धनाचे नियोजन करताना जंगल, पाणी व वन्यजीव यांचे रक्षण आणि त्याच भूमीवर अवलंबून असलेल्या शेतकरी, गुराखी, बागायतदार, खाणमालक, वीजनिर्मिती संस्था व शासन यांच्या अपेक्षा यांत मेळ घालावा लागतो. भारतात या प्रश्नाचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे पश्चिम घाट.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2010 मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला आणि त्याने 2011 मध्ये अहवाल सादर केला. सुमारे 9 किलोमीटर बाजूच्या चौकटी आखून प्रत्येकीला जैवविविधता, उतार इत्यादी निकषांवर गुण द्यायचे, त्यावरून तालुकानिहाय संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचवायच्या आणि अंतिम सीमा व नियम मात्र ग्रामसभांशी चर्चा करून ठरवायचे, अशी त्याची रीत होती. संपूर्ण घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, म्हणजे निर्बंध घालून जपायचा प्रदेश, मानण्याच्या शिफारशीला राज्यांनी विरोध केला. पुढे के. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने 2013 मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे नैसर्गिक भूदृश्य वेगळे काढून घाटाचे सुमारे 37 टक्के, म्हणजे जवळपास 60,000 चौ. किमी. क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचविले.

दोन्ही अहवालांतील फरक बहुधा क्षेत्रफळात मोजला जातो; खरा फरक निर्णय कोणाचा, यात आहे. दुसऱ्या पद्धतीत गाव हे एकक धरले गेले आणि ज्या गावाचे किमान 20 टक्के क्षेत्र नैसर्गिक ठरले ते संपूर्ण गाव यादीत आले. त्यामुळे एखाद्या गावातील भातखाचरे, काजूची बाग आणि घरेही रेषेच्या आत येतात, तर शेजारच्या गावातील डोंगरउतार, तेथे नैसर्गिक क्षेत्र थोडे कमी भरले म्हणून, बाहेर राहतो. प्रस्तावित निर्बंध मुख्यतः खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषणकारी उद्योग आणि 20,000 चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर आहेत. शेतीवर बंदी नाही. तरीही ‘आता घराची कौलेसुद्धा बदलता येणार नाहीत’ अशा स्वरूपाची भीती पसरू शकली, कारण नियम गावात पोचण्याआधी त्यांची धास्ती पोचली होती. केरळमधील इडुक्की जिल्ह्यात तर शेतकऱ्यांची मोठी आंदोलने झाली.

सिंधुदुर्गातील अनुभव याच्या उलट आहे. सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांतील 25 गावांच्या ग्रामसभांनी आपला परिसर संवेदनशील घोषित व्हावा, असे ठराव केले होते. खाणींमुळे पाण्याचे झरे आणि बागायती धोक्यात येतील, ही त्यांची भूमिका होती. तरीही दोडामार्ग तालुका कस्तुरीरंगन यादीतून वगळला गेला. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये या पट्ट्यातील गावांबाबत अधिसूचना काढण्याचे आदेश दिले. येथे मोठे जंगल खासगी मालकीचे असल्याने पेच सोपा नाही: झाडे राखणाऱ्या मालकाला लाकूडविक्रीचे उत्पन्न सोडावे लागते, आणि त्या त्यागाचा मोबदला कोणी द्यायचा याचे उत्तर केंद्राच्या अधिसूचनेच्या प्रारूपात (मसुद्यात) स्पष्ट नाही.

केंद्राने 2014 पासून प्रारूप अधिसूचना वारंवार काढल्या असून सुमारे 56,825 चौ. किमी. क्षेत्र समाविष्ट करणारे एक प्रारूप 31 जुलै 2024 रोजी, म्हणजे केरळमधील वायनाड येथे दरडी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी, प्रसिद्ध झाले. हरकती व सूचनांसाठी 60 दिवसांची मुदत देण्यात आली होती.