लैंगिक अल्पसंख्याक तरुणांचे आरोग्य (भारत)

समलिंगी, उभयलैंगिक, पारलिंगी (जन्मतः ठरवलेल्या लिंगाशी ज्यांची स्वतःची ओळख जुळत नाही असे) आणि क्वीअर (रूढ चौकटीत न बसणारे) तरुण-तरुणींच्या प्रकृतीत, त्यांच्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत, आढळणारी तफावत आणि ती भरून काढण्यासाठी घर, शाळा, दवाखाना व संस्थांकडून मिळणारा आधार, असे या विषयाचे दोन भाग पडतात. नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार, व्यसने, एचआयव्ही आणि उपचार टाळून अंगावर काढलेली दुखणी हे या तफावतीचे मुख्य प्रकार. तिचे मूळ लैंगिक कलात (कुणाबद्दल आकर्षण वाटते त्यात) किंवा लिंगभावात (स्वतःला पुरुष, स्त्री की आणखी काही मानतो त्यात) नाही, त्यावरून मिळणाऱ्या वागणुकीत आहे, याबद्दल वैद्यकात आता फारसा वाद उरलेला नाही. भारतात मात्र आणखी एक पेच आहे. अठरा वर्षांखालील मुलाला मिळणारी जवळजवळ प्रत्येक मदत पालकांच्या सहीवर अडते, आणि मुलाला धास्ती असते ती बहुधा त्याच पालकांची.

कारणे. अमेरिकी संशोधक इलन मेयर यांनी 1995 आणि 2003 मधील लेखांतून ‘अल्पसंख्याकत्वाचा ताण’ ही कल्पना मांडली. प्रत्यक्ष होणारा छळ, तो कधीही होईल ही सततची सावधगिरी, स्वतःला लपवण्याची कसरत आणि समाजाची घृणा स्वतःच्याच मनात मुरणे, असे या ताणाचे थर आहेत. रोजच्या जगण्यातल्या ताणावर हा वरकड ताण असतो.

शाळेत तो उघड्यावर दिसतो. ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द पाचवी-सहावीतच कानावर पडू लागतात, आणि चेष्टेत शिक्षकही सामील असले की तक्रार करायची कुणाकडे? अशी मुले मधल्या सुट्टीत मुलांच्या मुतारीकडे फिरकत नाहीत, कारण छेडछाडीची हमखास जागा तीच. मग ती सकाळपासून पाणीच कमी पितात आणि घरी पोहोचेपर्यंत लघवी रोखून धरतात. लघवीच्या जंतुसंसर्गाचे औषध डॉक्टर लिहून देतात, पण मूळ कारण केसपेपरवर येत नाही.

घराचे वजन या सगळ्यात सर्वाधिक. कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किशोरवयात घरच्यांनी तीव्रपणे झिडकारलेल्या तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगण्याचे प्रमाण, फारसे न झिडकारलेल्यांच्या 8.4 पट होते. ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या अमेरिकी संस्थेच्या 2019 च्या सर्वेक्षणात, आपल्याला स्वीकारणारी एक जरी प्रौढ व्यक्ती असल्याचे सांगणाऱ्यांमध्ये वर्षभरातील अशा प्रयत्नांचे प्रमाण 40 टक्क्यांनी कमी आढळले. हे आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण ज्या घरात ‘लग्न लावून दिलं की होईल सगळं ठीक’ हाच सल्ला असतो, तिथे झिडकारण्याला वेगळे नाव लागत नाही. मुलींच्या बाबतीत तर हा सल्ला लगेच अमलात येतो. शिक्षण थांबते, फोन काढून घेतला जातो आणि स्थळे पाहायला सुरुवात होते.

दवाखान्यातील अनुभव. तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर हा वडिलांच्या ओळखीचा असतो. तपासायच्या खोलीत आई शेजारच्या स्टुलावर बसलेली, पडद्यापलीकडे पुढचे दोन पेशंट, आणि डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न, ‘लग्न झालंय का?’ अशा ठिकाणी गुदद्वाराशी झालेली जखम किंवा झोप उडवणारी भीती सांगायची कशी? तरुण मेडिकलच्या दुकानातून परस्पर औषध आणतो किंवा दुसऱ्या गावचा डॉक्टर गाठतो. पारलिंगी मुलींमध्ये (जन्मतः मुलगा ठरवलेल्या) शरीर बदलण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनाने घेण्याचे प्रकार सर्रास आहेत. डोस ठरवायला कुणी नसल्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका त्यांना माहीतही नसतो.

समलैंगिकता हा आजार नाही, असे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये ठरवले. पारलिंगी असणेही जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगसूचीत मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर आले. ही सूची 2022 पासून लागू झाली. समलैंगिकता हा आजार नाही, ही भूमिका भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये जाहीर केली. तरीही कल ‘बदलून देणारे’ सापडतातच. औषधे, विजेचे झटके, मांत्रिक असे त्यांचे नाना मार्ग आहेत, आणि त्यांपैकी कशानेही कल बदलत नाही. हातात उरतात ते अपराधीपणा आणि डॉक्टरवरचा उडालेला विश्वास. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी 7 जून 2021 च्या आदेशात असे प्रयत्न बंद करण्यास सांगितले. आपला स्वतःचा पूर्वग्रह तपासण्यासाठी त्यांनी मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन समुपदेशन घेतले होते, ही त्या खटल्यातली विलक्षण गोष्ट. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्याच आयोगाच्या 2024 च्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात मात्र समलिंगी स्त्रियांचे संबंध पुन्हा अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत अवतरले. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

एचआयव्ही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 2021 च्या आकड्यांनुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 0.21 टक्के होते. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते 3.26 टक्के आणि हिजडा व पारलिंगी व्यक्तींमध्ये 3.78 टक्के आढळले. संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारे कलम 377 सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी त्यापुरते रद्द केले. तोवर कंडोम वाटणाऱ्या कार्यकर्त्यांनाही पोलिसांची भीती असे.

अठराखालील पेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 उपचारांत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करतो. पण अज्ञान (कायद्याने अठरा वर्षांखालील) मुलाच्या वतीने निर्णय पालकच घेतात, आणि रुग्णालयात दाखल करण्याचा अर्जही त्यांचाच. एचआयव्ही चाचणीलाही पालकांची संमती लागते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा (2012) अठराखालील कोणताही शरीरसंबंध गुन्हा मानतो आणि माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक करतो. सतरा वर्षांच्या मुलाने डॉक्टरांना खरे सांगितले की डॉक्टरच अडचणीत येतात. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती कायद्यानेही अज्ञान मुलाच्या ओळखपत्राचा अर्ज पालकांकडेच सोपवला. मुलाला संरक्षण देण्यासाठी केलेले हे नियम त्याला बोलू देत नाहीत, आणि त्यावर अजून नीट तोडगा निघालेला नाही.

आधार. मुंबईत अशोक राव कवी आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ सुरू केला. तपासणी, समुपदेशन आणि ‘यारियाँ’ हा तरुणांचा गट असे त्याचे काम आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. मराठीतून, घरच्यांनाही कळेल अशा भाषेत या विषयावर बोलणे हे खिरे यांचे मोठे योगदान. तोवर ही चर्चा बरीचशी इंग्रजीतच अडकली होती. समलिंगी व उभयलैंगिक स्त्रियांसाठी 1995 मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला, पुढे तोच ‘लेबिया’ झाला. ‘स्वीकार’ हा पालकांचा गट वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. रडून बसलेल्या आईशी कार्यकर्त्यापेक्षा दुसरी आईच नीट बोलू शकते. या गटातील चारशेहून अधिक पालकांनी 2023 मध्ये मुलांच्या विवाहहक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. ‘मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था समुपदेशकांना क्वीअर व्यक्तींसोबत काम करण्याचे प्रशिक्षण देते.

केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन (14416) ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, तिच्यावर मराठीतही बोलता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा 2012 पासून चालते. दोन खोल्यांच्या घरात आजीच्या कानावर न पडता फोनवर बोलायला जागा नसते, त्यामुळे ‘आयकॉल’ची ईमेल आणि चॅटची सोय अशा मुलांना विशेष उपयोगी पडते.