सापडलेल्या चित्रफितींमधली भीती

नाहीशा झालेल्या माणसांनी स्वतःच केलेले चित्रीकरण मागाहून हाती लागले, असे भासवणाऱ्या भयपटांना ‘फाउंड फुटेज’ म्हणतात. ही क्लृप्ती चित्रपटाहून जुनी आहे. १८९७ साली प्रसिद्ध झालेली ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी रोजनिश्या, पत्रे आणि कात्रणे यांतूनच उलगडते. पुढे काय वाढून ठेवले आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, वाचकाला मात्र त्याची चाहूल लागू लागते.

पडद्यावर १९८० च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ या इटालियन चित्रपटाने हा प्रकार गाजवला, पण त्याचा भर क्रौर्यावर होता. थेंबाथेंबाने साचणारी अतिमानवी भीती घरोघर पोहोचवली ती १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात कलाकारांच्याच हाती कॅमेरे दिले, संवाद लिहून न देता चिठ्ठ्यांतून सूचना पुरवल्या आणि दिवसागणिक त्यांचे खाणे कमी केले. त्यामुळे चेहऱ्यांवरचा थकवा खरा आहे, आणि चित्रपटाच्या नावातली चेटकीण (‘विच’) शेवटपर्यंत दिसत नाही.

ओरेन पेली यांनी २००६ साली स्वतःच्या घरात, सुमारे १५,००० डॉलरमध्ये चित्रित केलेल्या ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ने त्यापुढचे पाऊल टाकले: कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर केला. झोपलेले जोडपे, उघडे दार, त्यापलीकडचा काळोख आणि कोपऱ्यात वेळेचे आकडे. हे आकडे भरभर पळतात आणि एकाएकी नेहमीच्या गतीवर येतात. दार अजून हललेलेही नसते, पण पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. अशा चित्रपटांत ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार मला पटत नाही. संगीत नाही, क्लोजअप नाही, कुठे पाहायचे हे सांगणारे कोणी नाही. म्हणून प्रेक्षक स्वतःच चौकटीचा कोपरान् कोपरा चाचपत राहतो, आणि त्या शोधातच भीती तयार होते.

याचा सर्वांत हळवा आविष्कार म्हणजे जोएल अँडरसन यांचा ऑस्ट्रेलियन चित्रपट ‘लेक मंगो’ (२००८). मुलगी गमावलेल्या कुटुंबाच्या या माहितीपटवजा कथेत, शेवटी श्रेयनामावली सरकत असताना, आधी पाहिलेलीच दृश्ये पुन्हा दाखवली जातात. ती मुलगी त्यांत आधीपासूनच उभी असते. फक्त आपण त्या वेळी दुसरीकडे पाहत होतो.