स्वयंचलित गिअरबॉक्सच्या मोटारीतील इंजिन-क्षमतावाढ : बेळगाव सीमाभाग

कारखान्यातून आलेल्या मोटारीच्या इंजिनाची शक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचे बळ) नंतरच्या बदलांनी वाढवणे म्हणजे इंजिन-क्षमतावाढ. ईसीयू या इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातील इंधन, ठिणगी व टर्बोदाबाचे तक्ते (मॅप) बदलणे म्हणजे रीमॅप, मोकळा एअर फिल्टर व सायलेन्सर, दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, इंजिनात हवा दाबून भरणारा मोठा टर्बो हे तिचे नेहमीचे मार्ग. साध्या गिअरच्या गाडीत हे काम बव्हंशी इंजिन आणि क्लच प्लेटपुरते राहते. ऑटोमॅटिक गाडीत मात्र वाढलेला टॉर्क किती वापरता येईल, हे गिअरबॉक्स आणि त्याचा नियंत्रक (टीसीयू) ठरवतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घाट, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि शेजारच्या राज्यांतील नोंदणी यांचाही त्यात विचार करावा लागतो.

उगम : स्वयंचलित गिअरबॉक्सचा मान कोणाला द्यावा याबद्दल एकमत नाही. बोस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास केंद्रोत्सारी वजनांवर चालणारी दोन गतींची पेटी केली. काही लेखक तिलाच पहिली मानतात. कॅनडाच्या आल्फ्रेड मन्रो यांची १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील रचना दाबलेल्या हवेवर चालणारी होती; ती बाजारात रुजली नाही. जोझे ब्राझ आरारिपे व फर्नांदो लेली लेमोस या ब्राझिलियन अभियंत्यांनी १९३२ च्या सुमारास द्रवदाबावर चालणारी रचना केली व ती जनरल मोटर्सला विकली, असाही दावा आहे. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली रचना म्हणजे १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारींसाठी १९३९ मध्ये जाहीर झालेली हायड्रा-मॅटिक, याबाबत फारसा वाद नाही. तिच्यात द्रव-जोडणी होती. ती टॉर्क पोहोचवते, वाढवत नाही. टॉर्क वाढवून देणारा कन्व्हर्टर जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ च्या सुमारास जहाजांच्या टर्बाइनसाठी योजला होता. प्रवासी मोटारीत तो १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लोपासून प्रचारात आला. क्षमतावाढीच्या दृष्टीने फ्योटिंगरची परंपरा अधिक महत्त्वाची धरावी. गाडी जागेवरून निघताना कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क सुमारे दुपटीने वाढवतो आणि त्या वेळी त्याच्या आत होणाऱ्या घसरणीत वाया गेलेली शक्ती उष्णता होऊन तेलात उतरते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

दुहेरी क्लचची (सम व विषम गिअरांना वेगळा क्लच) कल्पना फ्रान्समधील आडॉल्फ केग्रेस याच्याकडे जाते. फोक्सवॅगनने ती २००३ मध्ये डीएसजी या नावाने मोटारीत आणली. भारतात स्वस्त ऑटोमॅटिकचा प्रसार २०१४ च्या मारुती सुझुकी सेलेरिओतील एएमटीपासून (साध्या गिअरबॉक्सचे क्लच व गिअर आपोआप चालवणारी रचना) झाला.

टॉर्कची मर्यादा : प्रत्येक गिअरबॉक्सला निर्मात्याने टॉर्कची कमाल मर्यादा दिलेली असते. डीक्यू२०० ही सात गतींची कोरड्या क्लचची डीएसजी २५० न्यूटन-मीटरपर्यंतची, तर ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचची डीक्यू२५० ही ३५० पर्यंतची. पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटर इंजिन १७५ न्यूटन-मीटर देते व त्याला डीक्यू२०० जोडलेली होती. टॉर्क ३० टक्क्यांनी वाढवला तरी तो २२८ च्या आसपास राहतो. तीच पेटी व्हेन्टोच्या १.५ लिटर डिझेलला होती आणि ते इंजिन मुळातच २५० देते, म्हणजे तिथे वाढीला जागा उरलेली नाही. दोन्ही गाड्यांचा गिअरबॉक्स ‘डीएसजी’ याच नावाचा असल्याने हा फरक पुष्कळदा नजरेआड होतो.

खरी गुंतागुंत नियंत्रणाची आहे. गिअर बदलण्याच्या क्षणी टीसीयू ईसीयूकडे टॉर्क कमी करण्याची मागणी करतो आणि ईसीयूने कळवलेल्या टॉर्कच्या आकड्यावरून क्लचवरचा तेलदाब ठरवतो. हा आकडा मोजलेला नसतो. हवा, इंधन आणि ठिणगी यांवरून काढलेला असतो. बाजारात मिळणारा ट्यूनिंग बॉक्स डिझेल रेलच्या (इंधन दाबाखाली ठेवणाऱ्या नळीच्या) किंवा टर्बोच्या दाबाचा संकेत मध्येच कमी करून दाखवतो. ईसीयू दाब वाढवतो, पण आपण जुनाच टॉर्क देत आहोत असे समजतो आणि टीसीयूला तेच कळवतो. इंजिन ३०० देत असताना क्लच २५० पुरताच आवळला जातो व घसरतो. सुरुवातीला पिकअप वाढल्याचे जाणवते. चढावर आरपीएम वाढूनही गाडी ओढत नाही, तोवर प्लेटा जळू लागलेल्या असतात. म्हणून ऑटोमॅटिक गाडीला बॉक्स लावण्यापेक्षा ईसीयू व टीसीयू यांचे एकत्र रीमॅप करणे हाच ग्राह्य मार्ग म्हणावा लागेल. त्यातही आधी गिअरबॉक्सचे तेल बदलणे, गरज असल्यास स्वतंत्र ऑइल कूलर बसवणे आणि मग इंजिनाला हात लावणे हा क्रम अधिक सुरक्षित. एएमटीत साध्या गाडीसारखाच एकेरी कोरडा क्लच असतो, सीव्हीटीत (ठराविक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या पेटीत) पोलादी पट्टा घसरण्याचा धोका असतो. या दोन्हींत मोठी वाढ करू नये.

घाट व उंची : बेळगाव शहर सुमारे ७५० मी. उंचीवर आहे. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी भरते, आणि टर्बो नसलेले इंजिन ढोबळमानाने तेवढीच शक्ती गमावते : ८५ अश्वशक्तीचे ७९ च्या जवळ येते. मोकळा फिल्टर व सायलेन्सर यांची वाढ सहसा याहून कमीच असते. टर्बो इंजिन ही तूट टर्बो अधिक वेगाने फिरवून भरून काढते. मात्र त्यामुळे आत जाणारी हवा जास्त तापते. कारवार किंवा गोव्यात, किनाऱ्यावर जुळवलेला मॅप बेळगावात टर्बोला अधिक राबवतो, ही गोष्ट मॅप करून घेताना सांगितली पाहिजे.

गिअरबॉक्सची कसोटी चढावर लागते. साखळीहून चोर्ल्याकडे येणारा किंवा आंबोलीचा घाट वळणांचा. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील तवंदी व वंटमुरी येथे प्रश्न मालट्रकांच्या रांगेचा. रांगेत सरकताना कन्व्हर्टरची घसरण थांबवणारा लॉक-अप क्लच सुटलेला राहतो आणि तेल तापते. कोरड्या दुहेरी क्लचला तर उष्णता घेऊन जाणारे तेलही नसते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय त्याला सर्वांत घातक. अशा वेळी मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरावा.

इंधन : जिल्ह्यात ऊस व साखर कारखाने भरपूर असले तरी पंपावरच्या इथेनॉलचा क्षमतावाढीशी संबंध मर्यादित आहे. इथेनॉलने ऑक्टेन (इंधनाची अकाली पेट न घेण्याची क्षमता) वाढते, पण त्याचे उष्णतामूल्य पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. ठिणगी लवकर पाडणारा मॅप कोणत्या मिश्रणावर केला हे नमूद असावे.

कारागिरी : बेळगावची उद्यमबाग ओतकाम, यंत्रणकाम आणि हायड्रॉलिक सुट्या भागांसाठी ओळखली जाते. व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधील तेलदाब वाटून देणारा भाग) हे मुळात हायड्रॉलिक झडपांचेच काम असल्याने ते कौशल्य दुरुस्तीला जवळचे आहे. टीसीयूची आज्ञावली हाताळणे हा वेगळा व्यवसाय.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, इंजिन बदलण्यास परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ प्रमाणे विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) काढणे उत्सर्जन नियमांत बसत नाही. सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. कोल्हापूरची एमएच-०९ किंवा गोव्याची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) अशी नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इंजिन व चॅसीचे क्रमांक कागदपत्रांशी जुळावे लागतात.