टाकीची उंची आणि टाकीतला फेस: इंजिन लीन होण्याची दोन वेगळी कारणे

ग्लो इंजिनाचे, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचे, मॉडेल विमान हवेत असताना आवाज एकाएकी चिरका होऊ लागला, की इंजिन लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडू लागले, हे जाणत्या कानाला लगेच कळते. दोष टाकीच्या बाजूचा असेल तर त्याची दोन कारणे बहुधा आढळतात: टाकी चुकीच्या उंचीवर बसलेली असते किंवा टाकीतल्या इंधनाला फेस येत असतो. पहिल्यावर उपाय टाकीखाली घालायच्या पातळ, कठीण पट्ट्यांचा आहे आणि दुसऱ्यावर टाकीभोवती गुंडाळायच्या मऊ फोमचा. दोन्ही वस्तू टाकी आणि फ्यूजलाज (विमानाचे धड) यांच्यामधल्या त्याच फटीत जातात, आणि पुण्यात दोन्हींसाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक फेरी पुरते. म्हणूनच त्यांची गल्लत होते. एकाचे काम मात्र दुसऱ्याने होत नाही.

इंधनाची पातळी स्प्रेबारच्या (कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या नळीच्या) वर असेल तर इंधन आपल्या भाराने कार्ब्युरेटरकडे ढकलले जाते आणि मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात इंधन जास्त होते. पातळी खाली असेल तर इंजिनाला ते ओढून घ्यावे लागते आणि मिश्रण लीन होते. मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन यांच्या नेहमीच्या मिश्रणात १० मिलिमीटर उंचीच्या फरकाने दाब साधारण ८५ पास्कलनी बदलतो. हा आकडा क्षुल्लक वाटला, तरी लूपमध्ये, म्हणजे उभ्या वर्तुळात फिरताना, विमानावर ५ जी (गुरुत्वाच्या पाचपट) भार आला की तोच फरक पाचपट होतो. मफलरमधून टाकीला दाब दिल्यास परिणाम सौम्य होतो, पण नाहीसा होत नाही. रेडिओ कंट्रोलच्या विमानात म्हणून टाकीची मध्यरेषा स्प्रेबारच्या पातळीत किंवा त्याच्या ६ ते १० मिलिमीटर खाली ठेवण्याची पद्धत आहे. इंजिन उलटे बसवलेले असेल तर स्प्रेबार खाली जातो आणि टाकीही त्याच्यासोबत खाली न्यावी लागते. जुन्या विमानात नवे इंजिन बसवताना हे हमखास राहून जाते.

उंचीच्या दोषाची खूण अशी, की विमान उलटे केले की दोषही उलटतो. सुलट्या स्थितीत लीन असणारे इंजिन उलट्या स्थितीत रिच होते. ही परीक्षा कंट्रोल लाइनच्या, म्हणजे तारांना बांधून स्वतःभोवती फिरवायच्या, विमानावर सर्वांत स्वच्छ होते. सुमारे २० मीटर लांबीच्या तारांवर ५ सेकंदांत एक फेरी पूर्ण करणाऱ्या विमानात इंधन ३ जीपेक्षा थोड्या अधिक जोराने टाकीच्या बाहेरच्या भिंतीकडे लोटले जाते, त्यामुळे टाकी किती भरलेली आहे याचा उंचीवरचा परिणाम फार उरत नाही. सुलट्या सपाट उड्डाणात काही फेऱ्यांची वेळ घ्यावी आणि मग उलट्या उड्डाणात तितक्याच फेऱ्यांची. उलट्या फेऱ्या जलद होत असतील तर त्या स्थितीत इंजिन लीन चालते आहे, म्हणजे टाकी वर आहे आणि ती खाली घ्यायला हवी. उलट्या फेऱ्या मंद असतील तर टाकीखाली पट्टी वाढवावी. पट्टी दीड मिलिमीटर प्लायची असावी, किंवा आइस्क्रीमची धुऊन वाळवलेली काडीही चालते. एका वेळी एकच पट्टी बदलावी, आणि ती टाकीच्या पुढच्या व मागच्या दोन्ही टोकांखाली सारखी जायला हवी, नाहीतर टाकी तिरकी होऊन मोजमाप निरर्थक ठरते.

फेसाचे तसे नाही. फेसामुळे इंजिन लीनच होते, रिच कधीच होत नाही, आणि विमान सुलटे आहे की उलटे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. ताक घुसळताना जे होते तेच येथे मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांच्या थरथरीने होते; टाकी फायरवॉलला (इंजिनामागच्या फळीला) किंवा फ्यूजलाजच्या भिंतीला कठीण टेकलेली असली, की ती थरथर थेट इंधनात उतरते. जमिनीवर, विमान घट्ट धरून आणि प्रोपेलरच्या मागे उभे राहून, टाकी अर्धी रिकामी असताना पूर्ण थ्रॉटल द्यावे आणि पारदर्शक सिलिकॉन नळीकडे पाहावे. बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली तर दोष उंचीचा नाही. क्लंकच्या (टाकीच्या आत इंधन ओढून घेणाऱ्या वजनदार टोकाच्या) नळीला बारीक छिद्र पडले असले तरी असेच बुडबुडे दिसतात, म्हणून ती नळी आधी तपासावी, त्यानंतर प्रोपेलरचा तोल पाहावा आणि मगच फोमकडे वळावे. फोम मऊ हवा आणि तो ठासून भरू नये, कारण दाबून बसवलेला फोम थरथर जशीच्या तशी पुढे पोचवतो.

खरा गोंधळ येथेच होतो. फेस थांबवण्यासाठी टाकीखाली ६ मिलिमीटरचा फोम सरकवला, की टाकी जवळजवळ तेवढीच वर चढते, सुलट्या उड्डाणात मिश्रण रिच होते, इंजिनाचा आवाज सुधारतो, आणि फेस गेला असा समज होतो. प्रत्यक्षात फेस तसाच असतो आणि विमान उलटे होताच इंजिन आधीपेक्षा वाईट चालते.

इंधन कमीजास्त करणारी कार्ब्युरेटरची सुई उघडूनही या दोन्हींपैकी काहीच सुटत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवा विरळ आहे, म्हणून मुंबईत लावलेली सुई येथे थोडी बंद करावी लागते. तो बदल विमानाच्या सर्व स्थितींत सारखाच लागू पडतो. स्थितीनुसार बदलणारा दोष सुईने फक्त एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ढकलला जातो.

त्यामुळे आधी फेस घालवावा, फोम कायमचा बसवावा आणि त्यानंतरच पट्ट्यांनी उंची लावावी. उंची निश्चित झाली की पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून त्यांच्या उघड्या कडांवरही इपॉक्सीचा हात फिरवावा, कारण उघड्या प्लायमध्ये इंधनातले तेल मुरते, पट्टी फुगते आणि लावलेली उंची बदलते.