स्प्रिंगला टांगलेल्या वस्तुमानाचे दोलन : त्वरण आणि ऊर्जा

स्प्रिंगच्या एका टोकाला जोडलेली वस्तू समतोल स्थितीपासून थोडी दूर नेऊन सोडली असता त्या स्थितीच्या दोन्ही बाजूंना ठरावीक काळाने पुनःपुन्हा जी हालचाल करते, तिला स्प्रिंगवरील वस्तुमानाचे दोलन म्हणतात. सरल आवर्त गतीचे हे सर्वांत सुटसुटीत उदाहरण होय. नागपुरात जुन्या घरांतून आढ्याच्या कडीला स्प्रिंग अडकवून तिच्याखाली तान्ह्या बाळाची झोळी बांधलेली आढळते. पुढील विवेचनात तीच झोळी डोळ्यांपुढे ठेवली आहे.

स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात ती मागे ओढते, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात दडवून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. समतोल स्थितीपासूनचे विस्थापन ‘क्ष’, वस्तुमान ‘व’ आणि स्प्रिंगचा ताठरपणा दर्शविणारा स्थिरांक ‘क’ मानल्यास बल = −क × क्ष आणि त्यावरून त्वरण = −(क ÷ व) × क्ष असे सूत्र मिळते. त्यातील उणे चिन्ह महत्त्वाचे आहे. झोळी खाली असेल तर त्वरण वरच्या दिशेने आणि वर असेल तर खालच्या दिशेने, म्हणजे नेहमी समतोल स्थितीकडेच असते.

झोळी सर्वांत खाली पोहोचते तेव्हा क्षणभर थांबते. त्या क्षणी वेग शून्य असल्यामुळे त्वरणही शून्य असावे असे अनेक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. प्रत्यक्षात ते तेथेच सर्वांत जास्त असते. थांबलेली झोळी वर वळते ती या त्वरणामुळेच. ते शून्य असते तर झोळी तेथेच राहिली असती. याउलट समतोल स्थितीतून जाताना वेग कमाल असतो, पण त्वरण शून्य असते. ही अदलाबदल नीट समजली की या गतीचे निम्मे गणित सुटते.

बाळ आणि झोळी मिळून ५ किलोग्रॅम वस्तुमान आहे आणि त्याच्या भाराने स्प्रिंग २५ सेंटिमीटर लांबली आहे असे समजू. नागपूर येथे गुरुत्व त्वरण सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. त्यावरून ‘क’ सुमारे १९६ न्यूटन प्रति मीटर येतो. आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ, २π × √(व ÷ क) या सूत्राने जवळजवळ १ सेकंद निघतो. टांगलेल्या स्प्रिंगबाबत तो केवळ सुरुवातीच्या लांबीवाढीवरूनही काढता येतो, कारण व ÷ क हे गुणोत्तर म्हणजेच लांबीवाढ भागिले गुरुत्व त्वरण. प्रयोगशाळेत मोजपट्टी आणि स्टॉपवॉच एवढ्यावर हा पडताळा घेता येतो, आणि तो प्रत्येकाने एकदा तरी स्वतः घ्यावा.

झोळी १० सेंटिमीटर खाली ओढून सोडल्यास कमाल त्वरण सुमारे ३.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर कमाल वेग सुमारे ०.६३ मीटर प्रति सेकंद असतो. तळाशी स्प्रिंगला बाळासह झोळीचे वजन पेलून शिवाय तिला वर वळवायचे असते, म्हणून कडीवरील ताण ४९ न्यूटनवरून सुमारे ६८.५ न्यूटनपर्यंत, म्हणजे १.४ पट होतो. कडी निवडताना स्थिर वजनापेक्षा हाच आकडा धरला पाहिजे. परमप्रसर, म्हणजे समतोल स्थितीपासूनचे कमाल विस्थापन, २५ सेंटिमीटरच्या पुढे गेला तर वरच्या टोकाला स्प्रिंग सैल पडते, हुकचा नियम तेथे लागू राहत नाही आणि नंतर झोळीला हिसका बसतो. त्यामुळे झोका त्याहून बराच लहान ठेवावा.

ऊर्जेचा हिशेब असा आहे. समतोल स्थितीपासून मोजल्यास स्प्रिंगची आणि गुरुत्वाची स्थितिज ऊर्जा मिळून क × क्ष² ÷ २ एवढी होते; गुरुत्वामुळे केवळ मध्यबिंदू खाली सरकतो. टोकाला सर्व ऊर्जा स्थितिज आणि मध्यावर सर्व गतिज असते. वरील उदाहरणात एकूण ऊर्जा सुमारे ०.९८ ज्यूल आहे. झोळी टोक आणि मध्य यांच्या अर्ध्यावर, म्हणजे ५ सेंटिमीटरवर असताना दोन्ही ऊर्जा सारख्या असतील असा अंदाज होतो, पण स्थितिज ऊर्जा केवळ एक चतुर्थांश असते आणि उरलेली तीन चतुर्थांश गतिज असते. समान वाटणी परमप्रसराच्या सुमारे ०.७१ पट अंतरावर, येथे ७.१ सेंटिमीटरवर होते. एका आवर्तनात ऊर्जा दोनदा गतिज आणि दोनदा स्थितिज होत असल्याने तिच्या चढउताराची वारंवारता दोलनाच्या दुप्पट असते.

स्प्रिंगचे स्वतःचे वजन नगण्य नसेल तर तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग ‘व’मध्ये मिळवावा लागतो. पोलाद तापल्यावर किंचित मऊ पडते. नागपूरच्या हिवाळी पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंतच्या तापमानफरकाने स्थिरांक साधारण एका टक्क्याने आणि आवर्तकाल अर्ध्या टक्क्याने बदलतो.

हवेचा विरोध आणि स्प्रिंगमधील अंतर्गत घर्षण यांमुळे परमप्रसर हळूहळू घटतो आणि ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. परमप्रसर निम्मा झाला की कमाल त्वरणही निम्मे होते, ऊर्जा मात्र एक चतुर्थांशच उरते; आवर्तकालात जवळपास फरक पडत नाही. म्हणूनच झोळीची दोरी धरून बसलेली आई झोका मंदावला तरी त्याच ठेक्यात, प्रत्येक फेरीत, झोळी खाली येत असताना हलकेच ओढ देते आणि गेलेली ऊर्जा भरून काढते.